वय : कागदावरचं आणि चेहऱ्यावरचं

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेले भाषण. चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लिहून मागितले म्हणून आठवून लिहिले आहे. बोलताना वेळेअभावी राहिलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस असल्यामुळे मी हिशेबानं वागेन, पण व्याज थोडं जास्त लागलं तर सांभाळून घ्या.

हा विषय सुचला तो एका फोटोमुळे. स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करत असताना चिटणीसांना आपल्या इमारतीच्या ताबा घेण्याच्या दिवशीचा फोटो सापडला. पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यातली माणसं ओळखायला त्यांनी मला बोलावलं. मी चष्मा पुसून बसलो. बायका मला भराभर ओळखू आल्या. पुरुषांच्या बाबतीत मात्र पंचाईत झाली. एका गृहस्थांकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हे कोण? फार म्हातारे दिसतात, आता नसतील." चिटणीस म्हणाले, "काका, ते तुमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येतात." ते सद्गृहस्थ आत्ता पहिल्या रांगेत बसले आहेत. तेव्हाच त्यांचे केस पांढरे झाले होते, टक्कल पडलं होतं, आणि पंचेचाळिशीत ते साठीचे दिसत होते. आज सत्तरीतही ते साठीचेच दिसतात. त्यांनी म्हातारपण आगाऊ भरून टाकलं, आता हप्ते नाहीत. आम्ही मात्र अजून फेडतो आहोत.

तेव्हा म्हटलं, याच विषयावर बोलावं. माणूस वयापेक्षा मोठा किंवा लहान का दिसतो?

पण त्याआधी 'वय' म्हणजे काय ते ठरवलं पाहिजे, कारण आपल्याकडे तेच पक्कं नसतं. इथे जमलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींपैकी ज्यांचा वाढदिवस एक जूनला असतो त्यांनी हात वर करा. (अकरा हात वर आले. माझा बारावा.) बघा. बारा माणसं एकाच दिवशी जन्मली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत माझ्या पिढीतली निम्मी पोरं एक जूनला जन्मली की काय, असं वाटावं अशी स्थिती आहे. याचं श्रेय गुरुजींना. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन बाप यायचा, जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडे बघायचे आणि अंदाजानं वर्ष टाकायचे. दिवस एक जून, म्हणजे प्रवेशाला अडचण नाही. माझी कागदावरची तारीख एक जून १९५०. आई सांगायची, तू झालास तेव्हा खळ्यावर भात झोडणी चालू होती. आमच्याकडे भात झोडतात ते दिवाळीनंतर. म्हणजे मी सहा महिने आधीच जन्मलो, कागदावर. शिवाय नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. म्हणून ३१ मे २०१० रोजी मला नारळ मिळाला. गुरुजींच्या एका फटकाऱ्यानं माझा सहा महिन्यांचा पगार गेला. आमची तक्रार नाही. त्याच गुरुजींनी मला शाळेत टिकवलं.

सांगायचा मुद्दा हा, की गुरुजींनी माझं वय माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं होतं. पुढे बँकेत बसून तेच काम मी केलं, आणि एकदा फार वाईट केलं. ते सांगतो.

साल १९८८ असेल. मी तेव्हा एका ग्रामीण शाखेत होतो. बँकेचं नाव आणि गाव सांगत नाही, कारण दोष माझा होता. आयआरडीपीची कर्जं चालू होती, म्हणजे शेळ्या, म्हैस, शिलाई मशीन यासाठी थोडं कर्ज आणि थोडं सरकारी अनुदान. एक कातकरी बाई शेळ्यांच्या कर्जासाठी आली. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षभर वीटभट्टीवर काम. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, पुढचे दात गेलेले, केस तांबूस-पांढरे. मी कागद बघितला. वयाच्या रकान्यात ग्रामसेवकानं काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आजी, या वयात कर्ज कशाला? फेडणार कधी?" आणि माझ्या हातानं लिहिलं, वय अंदाजे ६५. कागद बाजूला ठेवला.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती परत आली. बरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मी विचारलं, "नातू का?" ती म्हणाली, "पोर हाय माजा, साहेब." आता बँकेतल्या माणसाला एवढं गणित यायलाच हवं. पासष्टाव्या वर्षी आठ वर्षांचा मुलगा कसा असेल? मी तिला खाली बसवलं आणि विचारत गेलो. आमच्याकडे वय काढायची ती रीतच होती. तारीख विचारायची नाही, घटना विचारायची. कोयनेचा भूकंप आठवतो का? झालं तेव्हा तू केवढी होतीस? ती म्हणाली, धरणी हलली तेव्हा मी भावाला कडेवर घेऊन बाहेर पळाले. धाकट्या भावाला कडेवर घेणारी मुलगी म्हणजे दहा-बारा वर्षांची. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. बहात्तरच्या दुष्काळात तिचं लग्न झालेलं होतं. हिशेब केला तर बाई बत्तीस-तेहेतीस वर्षांची निघाली. मी स्वतः तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान बाईला मी आजी म्हटलं होतं, आणि ती मुकाट्यानं ऐकून गेली होती.

मी आकडा खोडून सही केली. पण त्या खेपेची यादी वर गेलेली होती. तिचं नाव पुढच्या खेपेला लागलं, तोवर भट्टीचा हंगाम सुरू होऊन ती कुटुंबासकट निघून गेली. शेळ्या तिला मिळाल्या त्या जवळजवळ एका वर्षानं. तिनं कर्ज फेडलं का, असं तुम्ही विचाराल. वेळेवर फेडलं. मोठ्या बंगलेवाल्यांची थकलेली खाती मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आजही हा प्रकार संपलेला नाही. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही त्यांच्या आधार कार्डावर अंदाजे वय लावून एक जानेवारी अशी तारीख पडली. शाळेतले एक जूनचे आणि आधारचे एक जानेवारीचे. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन पासष्टाव्या वर्षापासून मिळतं. ऐंशीची दिसणारी बाई कार्डावर अठ्ठावन्नची असते आणि हात हलवत परत जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळेचा दाखला अधिक धरावा. पण शाळेतच न गेलेल्या माणसानं कुठला दाखला आणायचा?

असो. आता कारणांकडे येतो.

त्या बाईला कशानं म्हातारं केलं? पहिलं, उन्हानं. एक सोपा प्रयोग सांगतो, आत्ता बसल्या जागी करा. हाताचा पंजा उलटा करून वरची कातडी बघा. मग दंडाची आतली बाजू, काखेजवळची, बघा. दोन्ही कातड्या एकाच दिवशी जन्मल्या आहेत. दंडाची आतली बाजू तुम्हाला पंधरा-वीस वर्षांनी तरुण दिसेल. फरक आहे तो उन्हाचा. कातडीखाली कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात, गादीत कापूस भरतो तसे. उन्हातले अतिनील किरण हे धागे तोडतात. या किरणांत दोन जाती आहेत. एक कातडी भाजते, ती काचेतून फारशी येत नाही. दुसरी भाजत नाही, म्हणून कळत नाही, पण खोल जाते आणि साध्या काचेतूनही येते.

याचं एक फार गाजलेलं उदाहरण २०१२ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात फोटोसकट छापून आलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, अठ्ठावीस वर्षं मालाचा ट्रक चालवला. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाची, आणि डावी बाजू जाड झालेली, घड्या पडलेली, वीस वर्षांनी म्हातारी. तिकडे चालक डाव्या बाजूला बसतो, खिडकी डावीकडे. आपल्याकडे उलटं. जुन्या हायवेवरच्या आपल्या चहाच्या टपऱ्यांवर जुने ड्रायव्हर बसलेले असतात, त्यांचा उजवा हात आणि उजवा गाल बघा. मी आता तेच बघत चहा पितो. बायको म्हणते, लोक काय म्हणतील, असं टक लावून बघू नये.

दुसरं कारण तंबाखू. विडी, सिगारेट, आणि आमच्या आयाबहिणींची मशेरी. धूर ओढला की कातडीचा रक्तपुरवठा आकसतो. अमेरिकेत ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी जुळ्यांची जत्रा भरते. जगभरातून जुळी भावंडं येतात. आपल्याकडे एकवीरेच्या जत्रेला जावं तसे प्लॅस्टिक सर्जरीचे डॉक्टर तिथे गेले आणि त्यांनी एकसारख्या जुळ्यांचे फोटो काढून तुलना केली. एकाच बीजाची दोन माणसं, म्हणजे घराण्याचं कारण आपोआप बाद. त्यात सिगारेट ओढणारा जुळा म्हातारा दिसला, उन्हात राहिलेला म्हातारा दिसला. आणि एक गंमत निघाली. चाळिशीनंतर जो जुळा वजनानं भारी, तो तरुण दिसला. गाल भरलेले असले की सुरकुती पडायला जागा मिळत नाही. आपल्या सोसायटीतल्या काही मंडळींना हे ऐकून आनंद झालेला दिसतो. पण हृदयाच्या डॉक्टरला हा पुरावा चालत नाही. मला दोन स्टेंट बसल्या आहेत, मी विचारून बघितलं आहे.

तिसरं कारण दात. याचं महत्त्व लोकांना कळत नाही. दात पडला की त्याच्याभोवतीचं हाड झिजायला लागतं, कारण त्याला काम उरत नाही. जबडा बसतो, ओठ आत जातात, नाक आणि हनुवटी एकमेकांकडे यायला लागतात. लहान मुलांना म्हाताऱ्याचं चित्र काढायला सांगा, ती नेमकं हेच काढतात.

केसांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण घरोघरी शत्रू होतील. एवढंच आठवा, की मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सलून बंद झाली, दुकानात कलप मिळेना. आणि जूनमध्ये आपण सगळे खाली उतरलो तेव्हा काही सभासद एकमेकांना ओळखत नव्हते. दोन महिन्यांत दहा-दहा वर्षं वाढली. त्यातल्या निम्म्यांनी पुढे कलप लावणं सोडलं. मला तर ते जास्त चांगले दिसतात. काळेभोर केस आणि खाली सत्तरीचा चेहरा, हे नव्या पत्र्याखाली जुनी भिंत असल्यासारखं दिसतं. हे माझं मत, कार्यकारिणीचं नाही.

केस एका रात्रीत पांढरे होतात असं आपण ऐकतो. तसं होत नाही. वाढून बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याचा रंग आतून बदलू शकत नाही. पण मोठ्या धक्क्यानं केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी संपतात, हे हार्वर्ड विद्यापीठात उंदरांवर दाखवलं गेलं, २०२० साली. म्हणजे पुढे येणारे केस पांढरे येतात.

हे सांगताना मला इरसाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३ ची रात्र. आपल्या गच्चीवरून जो इरसाळगड दिसतो, त्याच्या कुशीतली ठाकरवाडी दरडीखाली गेली. वाचलेल्यांना पुढे इथे चौकला कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. आपल्यातले बरेच जण ब्लँकेटं, भांडी घेऊन गेले होते. एक माणूस माझ्या ओळखीचा होता, बाजाराला रानभाज्या घेऊन यायचा. चाळिशीचा, काटक. मी कंटेनरसमोर त्याच्या बाजूनं दोनदा गेलो आणि त्याला ओळखलं नाही. त्यानंच हाक मारली. केस काळेच होते. सुरकुत्या नव्या नव्हत्या. पण तो वृद्ध माणूस होता. काय बदललं होतं ते मी बराच वेळ शोधत राहिलो. नजर कुठेच ठरत नव्हती, खांदे पडले होते, आणि बोलायला सुरुवात करायला त्याला वेळ लागत होता. एवढंच. कुठल्याही कातडीच्या डॉक्टरला यात सांगण्यासारखं काही सापडलं नसतं.

त्यावरून मला एक जुनी गोष्ट उमगली. बँकेच्या स्नेहसंमेलनात मी पंचविशीत असताना म्हाताऱ्याची भूमिका करायचो. केसांना पावडर, डोळ्यांखाली काजळाच्या रेघा. आमचे दिग्दर्शक ओरडायचे, "रेघा पुसून टाक, दहाव्या रांगेला दिसत नाहीत. पाठ वाकव. खुर्चीवर बसताना आधी हातानं खुर्ची शोध." माणूस म्हातारा दिसतो तो बसताना आणि उठताना. 'नटसम्राट' पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते २३ डिसेंबर १९७० ला. आप्पासाहेब बेलवलकर झालेले डॉ. श्रीराम लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. आणि सुलोचनाबाई घ्या. 'जॉनी मेरा नाम' मध्ये त्या देव आनंदच्या आई होत्या. त्यांचा जन्म १९२८ चा, आणि देव आनंदचा १९२३ चा. आईपेक्षा मुलगा पाच वर्षांनी मोठा! कोणाला खटकलं का? नाही. कारण एक जण धावत होता आणि एक जण देव्हाऱ्यासमोर हळू चालत होती. अर्थात बाईला लवकर आई करायची आणि पुरुषाला साठीपर्यंत नायक ठेवायचं, ही सिनेमावाल्यांची खोड आहे, त्याबद्दल आपल्या महिला मंडळानं स्वतंत्र भाषण ठेवावं.

आता खरं बोलायचं ते बोलतो. मला एक धाकटा भाऊ आहे. चार वर्षांनी धाकटा. तोही एक जूनचाच, वेगळं सांगायला नको. १९६८ च्या पावसाळ्यात वडील गेले. मी मुंबईला मामाकडे राहून कॉलेजात होतो, दुसऱ्या वर्षाला. तो आठवीत. दोघांतल्या एकानं शेत बघायला हवं होतं. आईनं कोणाला काही म्हटलं नाही. त्यानंच दप्तर खुंटीला लावलं आणि म्हणाला, दादाला शिकू दे. मी बी.कॉम. झालो, बहात्तर साली बँकेत लागलो, अडतीस वर्षं पंख्याखाली बसलो. तो अजूनही भात लावतो. लावणीला आभाळ भरलेलं असतं म्हणून ऊन लागत नाही असं आपल्याला वाटतं, पण ढगातूनही ते किरण येतातच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघं चौक फाट्यावरून एसटीनं खोपोलीला निघालो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. कंडक्टर आला. माझ्या भावाकडे बघून म्हणाला, "बाबा, तुमचं शून्याचं." कार्डसुद्धा मागितलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुमचं आधार कार्ड दाखवा. पासष्ट झाली का?" भाऊ हसायला लागला. त्यानं सांगितलं, "ह्यो दादा हाय माजा. मोठा." कंडक्टरला वाटलं म्हातारा फिरकी घेतोय. अख्खी एसटी हसली. मीही हसलो. दोघांनीही अर्धं तिकीट घेतलं, कारण तेव्हा मलाही पंचाहत्तर पुरी व्हायची होती. पण खोपोलीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

गावातल्या लग्नात सुना आधी त्याच्या पाया पडतात, मग माझ्या. तो पाय मागे घेतो, माझ्याकडे बोट दाखवतो. मला ते आवडत नाही. कारण त्यांचं चुकत नाही.

आणि मग मी डेन्मार्कच्या जुळ्यांबद्दल वाचलं. २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये आलं होतं. सत्तरीच्या पुढच्या अठराशेहून अधिक जुळ्यांचे फोटो घेतले, ते नर्सना आणि इतर लोकांना दाखवले, आणि फक्त चेहरा बघून वय किती वाटतं ते विचारलं. मग काही वर्षं वाट बघितली. जुळ्यांतला जो वयानं मोठा दिसत होता, तो बहुतेक आधी गेला. दोघांच्या दिसण्यातला फरक जेवढा जास्त, तेवढं हे जास्त खरं ठरलं. हे वाचल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. आम्ही जुळे नाही, मला माहीत आहे. तरीपण.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गावी गेलो. भाऊ बांधावर होता, माझ्याकडे पाठ करून. डोक्यावर पेंढ्यांचा भारा, आणि तो बांधावरून चालला होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस. पाठ सरळ, मान ताठ, पाय न बघता टाकत होता. मागून बघणाऱ्यानं त्याला पन्नाशीचा म्हटलं असतं. मी त्याच्या मागून हातात काठी घेऊन, प्रत्येक पाऊल बघून टाकत, दोन ठिकाणी थांबत. पाठीला अडतीस वर्षांच्या खुर्चीचा बाक. शेजारच्या शेतातला एक पोरगा ओरडला, "ओ आजोबा, जपून, घसरंल!" त्यानं ती हाक मला मारली होती, त्याला नाही.

म्हणजे समोरून तो थोरला आणि मागून मी. डेन्मार्कच्या लोकांनी फक्त चेहऱ्याचे फोटो काढले. बांधावरून चालायला लावून पाठीमागून फोटो काढले असते तर काय निघालं असतं, ते मला कोणीतरी सांगावं. त्याला ना ब्लडप्रेशर, ना साखर. मी रोज पाच गोळ्या घेतो. झोप तेव्हापासून लागते, पण पुरी नाही.

मी त्याच्यासाठी काय करू शकत होतो? झालेलं ऊन काढून घेता येत नाही. रुंद काठाची टोपी नेऊन दिली, ती त्यानं बुजगावण्याला घातली. विडी मात्र त्यानं नातवाच्या सांगण्यावरून सोडली, माझ्या नव्हे. पीएम किसानच्या केवायसीसाठी गेलो तेव्हा त्याचा अंगठा यंत्रात उमटेना, रेषाच उरलेल्या नाहीत. मग मुलीनं मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला, डोळे मिचकावा म्हणाली. यंत्रानं त्याला झटक्यात ओळखलं. मला जरा बरं वाटलं, उगीचच.

शेवटी दातांचं केलं. मागच्या उन्हाळ्यात त्याला पनवेलला नेऊन कवळी बसवली. खर्च मी केला. त्यावर आमचं भांडण झालं, ते इथे सांगत नाही. बसवल्यावर डॉक्टरांनी आरसा दिला. खरोखर दहा वर्षं कमी झाली होती. गाल वर आले, ओठ बाहेर आले. मला एकदम अठरा-एकोणीस वर्षांचा, लावणीतून वर मान करून हसणारा पोरगा दिसला. तो मात्र आरशात बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, ह्यो चेहरा कोनाचा?" एसटीत बसल्यावर त्यानं कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

आज माझ्या आग्रहावरून तो आला आहे. ते बघा, मागून दुसऱ्या रांगेत, पांढरी टोपी. कवळी घालून आला आहे. तुमच्यातल्या तिघांनी मघाशी मला विचारलं, "हे तुमचे थोरले बंधू का?" आणि एका ताईंनी विचारलं, "हे धाकटे ना?" म्हणजे पंचवीस टक्के प्रगती आहे. पण आता जेवणाची पानं मांडायला लागली आहेत, आणि कवळी घालून त्याला चव लागत नाही. त्यामुळे ज्यांना तो धाकटा दिसलेला बघायचा असेल त्यांनी पहिला घास घ्यायच्या आत बघून घ्यावं.